आळे

बदलीच्या नोकरीत झाडे लावण्याची हौस कोणी फारशी करीत नाही. लावणारा एक, फळे खाणारा दुसरा आणि मधल्या काळात पाणी द्यावयास विसरणारा तिसरा, असा आपल्या सरकारी क्वार्टरांचा इतिहास आहे. तरीही एका उन्हाळ्यात, घरची मंडळी नागपूरला गेल्यावर, गुढियारीतील आमच्या कचेरीच्या आवाराची देखरेख मी आपण होऊन पत्करली.

गुढियारी ही रायपूरची रुळांपलीकडची वस्ती. १९५६ पर्यंत या प्रांताचा कारभार नागपुराहून चाले. त्यामुळे आपल्याकडील नोकरदारांना हे गाव अगदीच परके नाही. माती मात्र परकी वाटते. छत्तीसगडी शेतकरी जमिनीला निरनिराळी नावे देतो: भाटा, मटासी, डोरसा, कन्हार. कन्हार ही आपल्या काळ्या जमिनीची बहीण. भाटा तांबडी, मुरमाड; घागरभर पाणी ओतावे आणि घटकाभराने तेथे काही ओतले होते की नाही, असा संशय यावा. आमच्या वाट्याला भाटाच आली होती!

मे महिन्यात येथे पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत चढतो, आणि दुपारी सुटणाऱ्या तप्त वाऱ्याला लोक 'झांझ' म्हणतात. म्हणून काम पहाटे आणि दिवेलागणीलाच. आमचा माळी वयस्क होता. रात्रभर पाण्यात भिजवलेल्या भाताची बासी कांद्याबरोबर खाऊन तो येई आणि रापा, म्हणजे आपले फावडे, हाती घेई. बागांतून सामान्यतः बुंध्याला चिकटून आळे केलेले दिसते. त्याने ती सारी मोडली आणि फांद्यांची सावली जेथे संपते तेथे नवी गोल आळी खणली. "रूख ला नइ, जर ला पानी देव," तो म्हणे. झाडाला नव्हे, मुळांना पाणी द्यावे. आणि पाणी शोषणारी कोवळी मुळे बुंध्यापासून दूर पसरलेली असतात, हे त्याला कोणत्या पुस्तकाने सांगितले असेल? आळ्यांत त्याने वाळलेला पाला दाबून भरला.

नवतपा लागला आणि विहिरीचे पाणी तळाला गेले. फाटकापाशी हिरवळीचा एक तुकडा होता. वरिष्ठांची मोटार तेथे थांबत असे. मागच्या बाजूस आदल्या पावसाळ्यात लावलेली चोवीस रोपे होती. दोहोंना पुरेल एवढे पाणी नव्हते. हरळी वरून जळली तरी तिचे कांडे जमिनीत जिवंत राहते. पहिल्या उन्हाळ्यातील रोप एकदा गेले की गेलेच. मी हिरवळीचे पाणी तोडले. फाटक भकास दिसू लागले, आणि तोंडी विचारणा झाली. मी उत्तरही तोंडीच दिले. माळी त्या दिवसांत माझ्याशी जरा जास्त बोलू लागला, असे मला वाटले. बहावा मात्र पाण्याचा थेंब न मागता पिवळाधमक फुलला होता. अशी स्वाभिमानी झाडे सरकारी आवारांत अधिक असावीत.

जूनच्या मध्यास पाऊस आला. आठवड्याच्या आत हरळीने डोके वर काढले, आणि त्याच आठवड्यात माझ्या बदलीचा हुकूमही आला.

चार्जच्या यादीत टेबले, खुर्च्या, अगदी रबरी नळीचीही नोंद असते, झाडांची नसते. मी ती वेगळ्या कागदावर केली: कडुनिंब ११, करंज ९, बहावा ४. खाली आळ्यांचा नकाशा काढला. माझ्या जागी आलेल्या गृहस्थांनी कागदाची घडी खिशात ठेवली आणि विचारले, "तो माळी अजून किती वर्षे आहे?"