बरोबरीत सुटलो!

पत्त्यांत हरलेला माणूस मी आजवर पाहिलेला नाही. दिवाळीत आमच्या गच्चीवर सहाजण रात्रभर तीन पत्ती खेळतात आणि पहाटे सहाहीजण "बरोबरीत सुटलो" म्हणत जिना उतरतात. मग पैसे जातात कुठे? बहुधा गच्चीच्या पन्हाळीतून वाहून जात असावेत.

ही अडचण आमच्या गच्चीपुरती नाही. १९७० साली लास व्हेगासच्या 'बिनियन्स हॉर्सशू' कॅसिनोत पोकरमधले नामांकित जमले आणि रोख पैशांवर खेळले. पण जगज्जेता कोण, हे ठरेना. रोखीच्या खेळाला शेवटच नसतो! म्हणून चक्क मतदान घेतलं. असं सांगतात, की प्रत्येकाने स्वतःलाच मत दिलं. (आमच्या सोसायटीत असलं काही होत नाही. तिथं कुणी उभंच राहत नाही.) मग "दुसऱ्या नंबरचा कोण?" असं विचारलं, तेव्हा जॉनी मॉस निवडून आला. पुढच्या वर्षी स्पर्धा ठेवली. प्रत्येकाने ५००० डॉलर भरायचे आणि सगळ्या चिप्स एकाकडे जमेपर्यंत खेळायचं. तीही मॉसच जिंकला, आणि मतदारांची अब्रू वाचली.

हे ज्ञान मला भाच्याकडून मिळालं. २०२५ च्या कायद्याने मोबाइलवरचा पैशांचा पोकर बंद झाला, तेव्हा हा गोव्याला, मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटीवर निघाला. ताईचा फोन आला, "तू मामा ना त्याचा? मग सांग चार शब्द." मी चार शब्द सांगायला गेलो आणि चारशे ऐकून आलो.

रोखीच्या टेबलावर हजाराची चिप म्हणजे हजार रुपये. 'ब्लाइंड', म्हणजे पानं बघण्याआधी सक्तीने लावायचा पैसा, रात्रभर तेवढाच. चिप्स संपल्या, खिशात हात घाला. स्पर्धेत पाच हजार भरून पन्नास हजारांच्या चिप्स मिळतात, पण त्यात कटिंग चहासुद्धा येत नाही. ब्लाइंड घड्याळाबरहुकूम वाढत जातो. चांगल्या पानांची वाट बघत बसणारा बसल्या जागीच झिजून संपतो. चिप्स संपल्या, की घरी. (काही स्पर्धांत पुन्हा पैसे भरून शिरता येतं. तसल्या स्पर्धेकडे फिरकायचं नाही, हे मी बजावलं.)

"पण मामा, रोखीत केव्हाही उठता येतं!"

"अरे, म्हणूनच कुणी उठत नाही. हरणारा वसुलीसाठी बसतो, जिंकणारा 'इतक्यात उठणं बरं दिसत नाही' म्हणून बसतो."

'निघतो हं' म्हणून आमच्या दारात तासभर उभे राहणारे पाहुणे मी आयुष्यभर पाहिलेत. माणसाला उठवायला बाहेरचं कुणीतरी लागतं. मी निकाल दिला : जा, पण स्पर्धेला. काय जायचं ते प्रवेश फीपुरतंच जाईल.

भाचा अकरा तास खेळला. २०० जणांत २६ वा आला. बक्षिसं २५ होती. सव्विसावा गेला की उरलेल्या सगळ्यांचे पैसे पक्के. त्यामुळे त्या सुमाराला चांगली पानंसुद्धा टाकून देत जो तो शेजाऱ्याच्या मरणाची वाट बघत असतो. भाचा उठला तेव्हा टेबलाटेबलांवर टाळ्या वाजल्या म्हणे. क्षणभर त्याला वाटलं, आपल्या खेळालाच दाद मिळतेय.

रोखीत गेले असते तर ताईने महिनाभर अबोला धरला असता. पण आता ती वाड्यात सांगत सुटली आहे, "दोनशेत सव्विसावा! शाळेत कधी पन्नासांत चाळिसाव्याच्या वर आला नव्हता हो!"