नावाचे धनी

'द ड्रिफ्टर्स' हा गायकवृंद १९५३ साली न्यूयॉर्कमध्ये उभा राहिला. आज सत्तर वर्षे उलटून गेल्यावरही त्या नावाचा वृंद इंग्लंडमधील नाट्यगृहांतून गातो आहे. गीते बहुतांशी तीच आहेत. मात्र १९५३ च्या संचातील एकही माणूस त्यात नाही. १९५८ च्या संचातील नाही, १९६४ च्या संचातीलही नाही. मग आज जे गात आहेत ते कोण? आणि पूर्वी ज्यांनी गायिले, ते कोण होते? साहित्याच्या अभ्यासकाने असल्या बाजारी समजल्या जाणाऱ्या संगीताच्या वाटेस का जावे, असे कोणी विचारील. माझे उत्तर एवढेच, की संहिता, कर्ता आणि परंपरा या तीन शब्दांभोवती माझे आयुष्य गेले, आणि या तिन्ही शब्दांची कसोटी रॉक अँड रोलच्या या वृद्ध वृंदांनी जितकी उघडपणे लावली आहे, तितकी फार थोड्या ग्रंथांनी लावली असेल.

ग्रीकांच्या पुराणकथेतील थिसिअसच्या जहाजाचा दाखला अशा वेळी हटकून दिला जातो. एकेक फळी बदलत गेलेले जहाज तेच राहते की नाही, हा तत्त्वज्ञांचा आवडता प्रश्न. परंतु फळ्यांना वेतन नसते आणि फळ्यांना आवाजही नसतो. माणसे बदलतात तेव्हा प्रश्न केवळ तादात्म्याचा राहत नाही, न्यायाचाही होतो.

ड्रिफ्टर्सची कथा याची साक्ष देते. क्लाइड मॅकफॅटर हा चर्चमधील गायनाच्या संस्कारात वाढलेला, उंच पट्टीच्या आर्त आवाजाचा गायक. 'डॉमिनोज' या वृंदातून बाहेर पडल्यावर त्याने अटलांटिक या ध्वनिमुद्रण कंपनीसाठी हा नवा वृंद बांधला. त्याच वर्षीच्या 'मनी हनी' या गीताने कृष्णवर्णीय संगीताच्या लोकप्रियतेच्या यादीत अग्रस्थान मिळवले. १९५४ मध्ये त्याला सक्तीच्या लष्करी सेवेसाठी जावे लागले. पुढे स्वतंत्रपणे गाण्याचे ठरल्यावर वृंदातील आपला वाटा त्याने व्यवस्थापक जॉर्ज ट्रेडवेल याला विकला. त्या व्यवहारात नेमके काय विकले गेले? आवाज तर मॅकफॅटरजवळच राहिला. गेले ते नाव. तेव्हापासून ड्रिफ्टर्स हे गाणाऱ्यांचे उरले नाही. गाणारे पगारी झाले. १९५८ मध्ये संचाशी खटके उडाले, तेव्हा ट्रेडवेलने सर्वांना एकदमच काढून टाकले. हार्लेममधील अपोलो नाट्यगृहाशी झालेला करार मात्र शिल्लक होता. मग 'फाइव्ह क्राउन्स' नावाच्या दुसऱ्याच वृंदातील तरुण त्याने आणले, आणि ते तरुण ड्रिफ्टर्स झाले.

इथवर ही एका हिशेबी मालकाची गोष्ट वाटते. परंतु कलेचा इतिहास नीतिकथेइतका सरळ नसतो. त्या आयत्या वेळी आणलेल्या तरुणांत बेन ई. किंग होता. १९५९ मध्ये त्याच्या आवाजातील 'देअर गोज माय बेबी' आले. लीबर आणि स्टोलर या निर्मात्यांनी त्यात व्हायोलिनांचा समूह योजून या संगीताचा पोतच पालटून टाकला. १९६० मधील 'सेव्ह द लास्ट डान्स फॉर मी' हे गीत अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. आज ड्रिफ्टर्स म्हटल्यावर जगाला जे आठवते, ते बहुतेक या 'दुसऱ्या' संचाचे आहे. म्हणजे मूळ ते अस्सल आणि नंतरचे ते नक्कल, हा शुद्धतावाद्यांचा सिद्धान्त येथे पहिल्याच पायरीवर कोसळतो. बदली आलेल्यांनीच नाव मोठे केले.

आणि त्या नावाने माणसासाठी थांबण्याचे नाकारले, हेही तितकेच खरे. किंगनंतर मुख्य गायक झालेला रूडी लुईस २० मे १९६४ च्या रात्री अकस्मात मरण पावला. दुसऱ्या दिवशी 'अंडर द बोर्डवॉक'चे ध्वनिमुद्रण ठरले होते. ते झाले. पूर्वीच्या संचातून परत आलेल्या जॉनी मूरने ते गायिले. समुद्रकाठच्या उन्हाचे आणि सावलीचे ते गीत जगभर आनंदाने ऐकले जाते. त्यामागे एक रात्रभराचे सुतक आहे, हे ऐकणाऱ्याला कळण्याचा मार्ग नसतो.

हे संगीत माझ्या कानावर पडले ते १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस, वसतिगृहातील एका मित्राच्या ट्रान्झिस्टरवर. शब्द अर्धेमुर्धे कळत. एका गायकाची एक लकब मात्र मनात राहिली : ओळीच्या शेवटी तो ठेक्याच्या किंचित मागे रेंगाळत असे, जणू निघायचे आहे आणि पाऊल उचलत नाही. काही वर्षांनी पदपथावरच्या एका विक्रेत्याकडे ड्रिफ्टर्सची कॅसेट मिळाली. वेष्टनावर गीतांची नावे होती, गाणाऱ्यांची नव्हती. खोलीवर येऊन लावली. तेच गीत, तीच चाल. पण हा गायक प्रत्येक शब्द अगदी वेळेवर पोहोचवत होता. जुनी गीते नव्या संचाकडून पुन्हा ध्वनिमुद्रित करून घेऊन जुन्याच नावाखाली विकण्याची रीत त्या व्यवसायात सर्रास होती, हे पुढे वाचनातून कळले. त्या नव्या गायकाचा मला राग आला नाही. तो चांगला गात होता. चुटपुट लागली ती ही, की त्याचे नाव मला कधीच कळणार नव्हते. ज्याचा आवाज मी शोधत होतो तो झाकला गेला होता, आणि ज्याचा आवाज मला मिळाला तोही.

त्याच सुमारास प्रबंधाच्या निमित्ताने मी नामदेवांच्या गाथेच्या हस्तलिखितांत बुडालो होतो, म्हणून ही चुटपुट अधिक जाणवली असावी. आपल्या अभ्यासकांना हा पेच परिचित आहे. नामदेवांनंतर दोन शतकांहून अधिक काळाने झालेल्या विष्णुदास नामा या कवीच्या रचना 'नामा' या समान मुद्रेमुळे गाथेत मिसळून गेल्या. येथेही नाव एक आणि कर्ते अनेक. परंतु ते नाव कोणाच्या मालकीचे नव्हते. कोणी कोणाला त्यासाठी पगारावर ठेवले नव्हते आणि कोणाला त्यातून काढूनही टाकता आले नसते. तरीही पाठचिकित्सकांनी दोन्ही नाम्यांना वेगळे ओळखण्याचा यत्न केला. तो नंतरच्याला गाथेबाहेर घालवण्यासाठी नव्हे, तर प्रत्येकाचे श्रेय ज्याच्या त्याच्या पदरी पडावे म्हणून.

'मूळ संच' ही कल्पनाही पाठचिकित्सेतील 'मूळ संहिते'सारखीच आहे : दुरून स्पष्ट, जवळ जावे तों धूसर. बिल हेली आणि त्याचे 'कॉमेट्स' यांचे 'रॉक अराउंड द क्लॉक' १२ एप्रिल १९५४ रोजी न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रित झाले. त्यातील गिटारचा सुप्रसिद्ध तुकडा वाजवणारा डॅनी सेड्रोन दोनच महिन्यांनी, जिन्यावरून पडून, मरण पावला. १९५५ मध्ये एका चित्रपटामुळे ते गीत जगभर गाजले तेव्हा तो नव्हता. त्या ध्वनिमुद्रणात ड्रम वाजवले ते बिली गसॅक या बाहेरून बोलावलेल्या वादकाने. वृंदाचा ड्रमवादक डिक रिचर्ड्स याने नव्हे. गीत शिखरावर पोहोचले त्याच वर्षी रिचर्ड्ससह तिघेजण वेतनाच्या वादातून बाहेर पडले. १९८१ मध्ये हेली वारला. आणि १९८७ मध्ये, साठीच्या आसपासचे पाच जुने कॉमेट्स पुन्हा एकत्र आले व पुढे वर्षानुवर्षे युरोप-अमेरिकेत वाजवत राहिले. त्यांच्यात हेली नव्हता, सेड्रोन नव्हता. तरी त्यांना खोटे कोण म्हणेल? शोधू गेल्यास त्या गीताचा 'मूळ संच' एका दिवसापुरता, एका खोलीत जमला होता एवढेच हाती लागते.

तेव्हा माणसे बदलली म्हणून वृंद खोटा ठरत नाही. परंपरा म्हणजेच माणसे बदलत राहण्याची रीत. माझा आक्षेप दुसरीकडे आहे : बदल लपवण्यावर, आणि ज्यांच्या कंठाने नाव मिळवले त्यांनाच त्या नावापासून तोडण्यावर. ड्रिफ्टर्सच्या पहिल्या संचातील बिल पिंकनी याला १९५८ नंतर आपल्या वृंदास 'ओरिजिनल ड्रिफ्टर्स' असे विशेषण जोडावे लागले. स्वतःच्या भूतकाळापुढे विशेषण लावण्याची पाळी यावी, यापरते दैन्य कलावंताला कोणते? २००७ च्या जुलैमध्ये फ्लोरिडातील डेटोना बीच येथे गाण्यासाठी गेला असता त्याचा मृत्यू झाला. तेव्हा तो ऐंशीच्या पुढे होता.

अमेरिकेत या अन्यायाची दखल घेतली गेली. 'शा ना ना' या वृंदातील जॉन बाउमन आणि 'सुप्रीम्स'मधील मेरी विल्सन यांनी त्यासाठी मोहीम चालवली. २००५ साली पेनसिल्व्हेनिया राज्याने संगीतातील सत्याविषयीचा कायदा केला आणि नंतर तिसाहून अधिक राज्यांनी तसेच कायदे केले. जुन्या वृंदाचे नाव लावायचे तर ध्वनिमुद्रणात भाग घेतलेला निदान एक तरी सदस्य त्यात असावा, अन्यथा हा केवळ मानवंदनेचा कार्यक्रम आहे असे स्पष्ट सांगावे, असा त्याचा गाभा. मात्र ज्याच्याकडे नावाची अधिकृत व्यापारी नोंदणी आहे, त्याला यातून सूट आहे. कायद्याचे नाव सत्याचे. पण सत्य आणि मालकी समोरासमोर आली तेव्हा कायद्याने मालकीस वाट करून दिली. कायद्याला याहून अधिक करता येत नसेलही. ऐकणाऱ्याला आणि लिहिणाऱ्याला मात्र येते.

ते कसे, हे मला एका वृंदाच्या वागण्यातून उमगले. रोलिंग स्टोन्स २००३ च्या एप्रिलमध्ये बंगळूर आणि मुंबई येथे आले होते. मुंबईच्या ब्रेबॉर्न मैदानावर मीही गेलो होतो. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या या वृंदाचा एक आधारस्तंभ, ब्रायन जोन्स, १९६९ मध्येच मृत्यू पावला होता. बास गिटार वाजवणारा बिल वायमन १९९३ मध्ये बाहेर पडला होता. प्रयोगात एका टप्प्यावर संगीत थांबवून साथीच्या वादकांपासून प्रत्येकाची नावानिशी ओळख करून देण्याची या वृंदाची प्रथा आहे. वायमनच्या जागी वाजवणारा डॅरिल जोन्स हा दशकभर त्यांच्याबरोबर असूनही अधिकृत सदस्य नव्हता; पण त्याचे नाव श्रोत्यांपासून लपलेले नव्हते. चार्ली वॉट्स ऑगस्ट २०२१ मध्ये वारला. पुढच्या महिन्यात सेंट लुईस येथे दौरा सुरू झाला तेव्हा रिकाम्या रंगमंचावर आधी ड्रमचा ठेका ऐकू आला आणि पडद्यावर वॉट्सची छायाचित्रे दिसली. मगच स्टीव्ह जॉर्डनने त्याच्या जागी वाजवावयास सुरुवात केली. स्टोन्सही व्यापारात कोणाला हार जाणारे नव्हेत. पण गेलेल्याचे नाव घेणे आणि आलेल्याचे नाव सांगणे, या दोन साध्या गोष्टींत परंपरेचे सारे ऋण फिटत नसले तरी मान्य होते.

जुने श्रोते या मैफलींना जातात ते स्वतःच्या तारुण्याची भेट घ्यायला, असे हेटाळणीने म्हटले जाते. त्यात हेटाळण्यासारखे काही नाही. त्यांना आनंद देणारा तरुण गायक रात्रीमागून रात्री दुसऱ्याच्या नावाखाली गातो, आणि श्रोते उठून जातात तेव्हा त्याचे नाव बहुधा कोणाच्या ओठी नसते. पूर्वसूरींचे श्रेय हिरावणारी व्यवस्था अनुयायांनाही अनामिक ठेवते. समीक्षकाचे काम या दोघांच्याही बाजूने उभे राहण्याचे आहे.

१९८८ मध्ये रॉक अँड रोलच्या सन्मानदालनात ड्रिफ्टर्सना स्थान मिळाले. निवड करणाऱ्यांनी केवळ वृंदाचे नाव नोंदवले नाही. त्यासोबत सात माणसांची नावे लिहिली : क्लाइड मॅकफॅटर, बिल पिंकनी, गेरहार्ट थ्रॅशर, जॉनी मूर, बेन ई. किंग, चार्ली थॉमस, रूडी लुईस. हे सातजण एका संचात एकत्र कधीच गायिले नाहीत. पहिला गेल्यावर कित्येक वर्षांनी शेवटचा आला. तरीही ड्रिफ्टर्स कोण, या प्रश्नाचे माझ्या माहितीतील सर्वांत प्रामाणिक उत्तर तीच यादी आहे, आणि तिच्याखाली पुढच्या नावांसाठी जागा आहे.