वारसा कोणाच्या नावावर?

दिवाळी अंक हे पुस्तक आहे का? मराठी मंडळाच्या कपाटाची यादी जँगोमध्ये बसवताना हा प्रश्न पहिल्याच दिवशी आला. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 1909 साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी घरांत अंक पुस्तकाइतकाच वाचला जातो. इंदूरमध्ये तर एकच अंक चार घरं फिरतो. तरी याद्यांत त्याची जागा ‘इतर’मध्ये. मला ते पटत नव्हतं.

पुस्तकाला लेखक, अंकाला संपादक आणि वर्ष. शीर्षक आणि कपाट नंबर मात्र दोघांनाही. सारखं ते ‘प्रकाशन’ या बापाकडे ठेवायचं, पुस्तक आणि अंक ही त्याची मुलं. पण जँगोत वारसा तीन तऱ्हांचा.

पहिल्यात बाप नुसता नमुना, त्याला स्वतःचं टेबल नाही. शीर्षकाचा रकाना प्रत्येक मुलाच्या टेबलात वेगळा उमटतो. आजीची पुरणपोळीची कृती प्रत्येक सुनेच्या वहीत असते ना, तसं. दुसऱ्यात बापाचं टेबल खरं असतं. शीर्षक तिथेच राहतं, मुलाकडे स्वतःचे रकाने आणि बापाशी जोडणारा दुवा. जमीन आजोबांच्या नावावर, राहतात सगळे. तिसरा प्रॉक्सी: घरी बाळू, मार्कशीटवर बाळकृष्ण, माणूस एकच. अंकाला वेगळे रकाने हवे होते, म्हणून हा बाद.

जाणकार बहुधा पहिला घ्यायला सांगतात, कारण दुसऱ्यात अंकाची पूर्ण माहिती काढायला दरवेळी दोन टेबलं जोडावी लागतात, वेग कमी होतो. अरे भिया, एका कपाटाला वेग कशाला? माझी अडचण वेगळीच होती. ‘कोणी काय नेलं’ ही देवघेवीची नोंद एका टेबलाला बांधावी लागते, आणि ज्याला टेबलच नाही त्या बापाला ती बांधणार कशी? म्हणून दुसरा प्रकार घेतला. आता एकाच शोधात पुस्तक आणि अंक दोन्ही सापडतात.

एक धोका होता. अंक पुसला की बापाकडची ओळही पुसली जाते. म्हणून देवघेवीच्या दुव्यावर ‘प्रोटेक्ट’ लावलं आणि जुन्या वहीतल्या नोंदीही भरल्या. परवा रद्दीत द्यायला काढलेला एक अंक यादीतून पुसायला गेलो, तर सिस्टीमने नकार दिला. मुखपृष्ठ कधीच गेलेलं, पण सात जणांनी तो घरी नेला होता. अंक अजून कपाटात आहे, खालच्या फळीवर.