फिरतं वर्तुळ

वर्गात एखाद्या मुलाला प्रश्न विचारावा आणि त्यानं आढ्याकडं पाहावं, ही मोठी आश्वासक खूण असते. ओठ किंचित हलतात, बोटांवर काहीतरी मोजलं जातं, आणि मी हातात खडू धरून स्वस्थ थांबतो. पण तोच मुलगा दगडासारखा उभा राहिला की माझा धीर सुटतो. मी पुन्हा विचारतो, जरा मोठ्यानं. आणि पोराच्या मनात जुळत आलेलं उत्तर त्या आवाजानं उधळून जातं.

हे आठवायचं कारण म्हणजे शाळेच्या संगणकावर एका संध्याकाळी भरलेला अर्ज. आमच्या एका विद्यार्थिनीचा तो शिष्यवृत्तीचा अर्ज, आणि मुदतीचा तो शेवटचा दिवस. शेजारी तिचे वडील, मांडीवर कागदांची पिशवी घेऊन बसलेले. नाव, गाव, उत्पन्न, खातेक्रमांक असं सगळं तिनं एका बोटानं टिपून भरलं, बटण दाबलं. आणि काहीच घडलं नाही. पान होतं तसंच. तिनं माझ्याकडं पाहिलं. मग पुन्हा बटण दाबलं, आणखी एकदा दाबलं, आणि शेवटी मागं जाण्याचा बाण. अर्ज कोरा!

"जरा दम धरवत नाही का तुला?" मी खेकसलो.

ती हळूच म्हणाली, "सर, ते चालूच नव्हतं."

पोरीचं चुकलं नव्हतं. थांबायला माणसाला काहीतरी आधार लागतो, आणि ब्राउझर करणाऱ्यांना हे पहिल्यापासून ठाऊक आहे. इलिनॉय विद्यापीठात १९९३ साली तयार झालेल्या मोझेइकमध्ये वर उजव्या कोपऱ्यात पृथ्वीचा गोल असे. पान येत असलं की तो फिरायचा. कंटाळा आला तर त्याच्यावरच टिचकी मारून पानाचं येणं थांबवता यायचं. पुढच्या वर्षी नेटस्केप आला. त्याचं 'एन' हे अक्षर आधी श्वास घेतल्यासारखं फुगायचं नि आकसायचं. थ्रॉबर, म्हणजे धडधडणारं, हे या खुणेचं इंग्रजी नाव त्यावरूनच पडलं. मागाहून त्या अक्षराभोवती उल्का पडू लागल्या. सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून मी त्या उल्का पाहत बसलेलो आहे. येणाऱ्या पानापेक्षा कित्येकदा त्याच देखण्या असत.

मला सर्वांत आवडतं ते मात्र क्रोमच्या टॅबमधलं चिमुकलं वर्तुळ. निरोप गेला आहे, पलीकडून अजून उत्तर नाही, तोवर ते घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतं. उत्तर येऊ लागलं की सुलट. फार थोड्यांच्या हे ध्यानात येत असेल, पण केवढा हा सचोटीचा व्यवहार! भरत जाणाऱ्या पट्टीवर माझा तितका विश्वास नाही. ख्रिस हॅरिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली प्रयोग केले, तेव्हा वेळ तेवढाच लागूनही शेवटाकडं वेग घेणारी पट्टी लोकांना लवकर संपल्यासारखी वाटली. पंगतीत 'आलीच जिलबी' म्हणत नुसताच पुढं सरकणारा वाढपी मला इथं आठवतो.

मग त्या संध्याकाळी वर्तुळ का फिरलं नाही? आमचा एक जुना विद्यार्थी याच धंद्यात आहे. त्याला तिथूनच फोन लावला. तो म्हणाला, पूर्वी बटण दाबलं की सबंध पान जायचं आणि दुसरं यायचं. आता पुष्कळ ठिकाणी पान जागचं हलतच नाही. त्याच्या पोटातली आज्ञावली हवा तेवढा मजकूर गुपचूप मागवते आणि जागच्या जागी बदलते. ब्राउझरच्या लेखी पान बदललेलंच नसतं, मग तो वर्तुळ कशाला फिरवील? अशा वेळी खूण दाखवण्याचं काम पान रचणाऱ्याच्या अंगावर येतं. यूट्यूबच्या माथ्यावर धावणारी बारीक लाल रेघ ही त्याचीच सोय. निदान दाबलेलं बटण फिकं करून टाकलं, तरी माणूस ते दुसऱ्यांदा दाबत नाही. या अर्जाच्या कर्त्यानं यातलं काहीच केलं नव्हतं, आणि बोलणी मात्र खाल्ली एका शाळकरी मुलीनं. याकोब नील्सन यांनी १९९३ साली लिहून ठेवलं आहे की, दहा सेकंदांपलीकडं माणसाचं लक्ष समोरच्या कामावर टिकत नाही. आमच्या तासाला तेवढंही टिकत नाही, ही गोष्ट वेगळी.

रात्री साडेदहाला आम्ही पुन्हा पहिल्यापासून बसलो. सगळं भरून झाल्यावर तिनं बटण दाबलं, आणि मी म्हटलं, "आता हात काढून घे." तिनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. पडदा तसाच निश्चल. काहीतरी करायला हवं म्हणून मी मोठ्यानं आकडे म्हणू लागलो. दहाच्या पुढं ती म्हणू लागली, विसाच्या पुढं तिचे वडीलही. बेचाळीसवर अर्जाचा क्रमांक पडद्यावर आला आणि तिनं तो पेननं तळहातावर लिहून घेतला. संध्याकाळच्या खेकसण्याबद्दल तिच्याशी दोन शब्द बोलायचे, ते मात्र राहूनच गेले.