तबकड्यांची परीक्षा

मनुष्य सेवानिवृत्त झाला तरी त्याच्या हातातील तांबड्या शाईची लेखणी सहसा सुटत नाही. माझी पस्तीस वर्षे शाळेत उत्तरपत्रिका तपासण्यात गेली. परंतु तेवढ्याने समाधान न होऊन मी घरातील ग्रामोफोनच्या तबकड्यांनाही गुण देत असे, हे आज कबूल करावयास हरकत नाही. प्रत्येक तबकडीच्या कागदी पाकिटावर, उजव्या कोपऱ्यात, शंभरांपैकी किती, ते मी लिहून ठेवले आहे. ह्या परीक्षेत परीक्षक एकच, अभ्यासक्रमही त्यानेच नेमलेला आणि फेरतपासणीची सोय मुळीच नाही! ती फेरतपासणी गेल्या वर्षी अकल्पितपणे झाली. तिचीच ही हकीकत आहे.

आमचे मूळचे घर अकोल्याच्या जुन्या शहरातले. वडिलांनी हौसेने कर्ण्याचा ग्रामोफोन घेतला होता आणि त्याबरोबर लाखेच्या तबकड्यांची एक पेटी जमविली होती. किल्ली भरावी, सुई बदलावी, तबकडी ठेवावी. मिनिटास ७८ फेरे घेऊन तीन-सव्वातीन मिनिटांत ती संपे, आणि मग उलट बाजू. पोलादी सुई एका बाजूपुरतीच वापरावी असा दंडक होता, कारण बोथट सुई तबकडीच्या रेषा खरवडून काढते. सुयांची डबी म्हणूनच कुलपात असे. वडील थकल्यावर पेटी आणि डबी ह्या दोहोंच्या किल्ल्या मजकडे आल्या, आणि त्याबरोबर परीक्षकाचा अधिकारही आला.

पहिला क्रमांक मी खाँसाहेब अब्दुल करीम खाँ ह्यांच्या झिंझोटीतील ठुमरीस दिला, गुण ९२. हे मत मी आजही बदलणार नाही. तीन मिनिटांत राग उभा करावयाचा म्हणजे अनुष्टुभाच्या बत्तीस अक्षरांत सबंध आख्यान सांगण्यासारखे आहे. तेथे एक अक्षर वायफळ खर्चून चालत नाही. गदगकडील अकरा वर्षांच्या एका मुलाने ही तबकडी ऐकली आणि असे गाणे शिकावयाचे म्हणून १९३३ साली तो घर सोडून गुरूच्या शोधात निघाला. तोच मुलगा पुढे पंडित भीमसेन जोशी झाला. एका तबकडीने ह्याहून अधिक काय करावे?

बालगंधर्वांस ८० गुण दिले, आणि त्यावरून वडिलांशी माझा मोठा वाद झाला. त्यांनी 'स्वयंवर' आणि 'एकच प्याला' रंगभूमीवर पाहिलेले. मी म्हणे, नाट्यपद 'वन्समोअर'वर वाढत जाते, प्रत्येक आवृत्तीत नवी जागा निघते; तबकडीत त्याचे अत्तर सापडते, फूल सापडत नाही. वडील एवढेच म्हणत, "तू फूल पाहिले नाहीस, म्हणून तुला अत्तर कमी वाटते." ह्या वादात दोघांचेही थोडे थोडे बरोबर होते, असे आता वाटते.

केसरबाई केरकरांच्या भैरवीस ८८. आवाज असा की वीणेची तार आणि देवळाची घंटा एकाच धातूची केली असावी. ही भैरवी आमच्या पेटीतून निघून कोठवर पोचली पाहा! १९७७ साली अमेरिकेने 'व्हॉयेजर' नावाची दोन याने अंतराळात सोडली. प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली एक तांब्याची तबकडी आहे. तीत पृथ्वीवरील निरनिराळ्या देशांच्या संगीताचे २७ नमुने आहेत. त्यांत बाख आणि बीथोव्हन आहेत, अमेरिकेतील चक बेरीचे उडत्या चालीचे गाणे आहे आणि हिंदुस्थानातर्फे केसरबाईंची ही भैरवी आहे. पंचावन्न भाषांतील अभिवादनांत आपल्या मराठीचाही नमस्कार आहे. याने निघाली त्याच वर्षीच्या सप्टेंबरात केसरबाईंनी देह ठेवला.

'गीतरामायण' हे खरे पाहता आकाशवाणीचे अपत्य. १९५५ च्या रामनवमीस पुणे केंद्रावरून आरंभ होऊन वर्षभरात माडगूळकर-फडके ह्या जोडीने छप्पन गीते सादर केली. तबकड्यांवर ती पुढे आली. मजसारख्या संस्कृताच्या अभिमान्यास प्राकृत रामायणात उणे काढावयाची खोड फार. पण कुश-लवांनी रामापुढे रामकथा गावी ही योजना मूळ वाल्मीकींचीच. आदिकाव्य जन्मतःच गेय आहे. तेव्हा मुकाट्याने ८५ दिले.

आता निराळ्या जातीची तबकडी. थोरल्या बंधूंनी मुंबईहून 'कॉल ऑफ द व्हॅली' आणली. साल १९६७ ची, मिनिटास ३३⅓ फेऱ्यांची. शिवकुमार शर्मांचे संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काब्रांची गिटार मिळून काश्मीरच्या एका मेंढपाळाचा एक दिवस सकाळच्या अहीर भैरवापासून पुढे उलगडतात. गिटार हा शब्द वाचूनच मी ५० गुण ठेवले आणि मग ऐकावयास बसलो. पुढे दर दोन-चार वर्षांनी तो आकडा खोडून वाढवीत मी ७८ पर्यंत आलो. ऐकण्यापूर्वीच गुण देणारा परीक्षक किती दिवस टिकणार?

आणि शेवटची, 'शीळ'. मेहकरचे वकील, कवी ना. घ. देशपांडे ह्यांची ही कविता, गायक जी. एन. जोशी. मराठी भावगीताच्या अगदी पहिल्या तबकड्यांत हिची गणना होते, आणि ती आपल्या वऱ्हाडच्या कवीची आहे. पण आमच्या पेटीत ती वडिलांनी आणलेली नव्हती. १९६६ साली मी आठ वर्षांचा असताना वहिनी लग्न होऊन आमच्या घरी आल्या. त्यांचे माहेर मेहकर. पैनगंगेकाठच्या त्या गावाहून येताना त्यांनी ही एकच तबकडी लुगड्याच्या घडीत गुंडाळून आणली होती.

मी परीक्षक झालो त्या दिवसांत एका संध्याकाळी घरी पाहुणे आले असता पुतण्याने ती लावली. मी सर्वांदेखत म्हणालो, "ह्यात ना राग, ना ताल. हे कवितेचे पाठांतर झाले, गाणे नव्हे." आणि पाकिटावर तेथल्या तेथे लिहिले : ३५, काठावर उत्तीर्ण. पाहुणे हसले. वहिनी चहाच्या कपबशा उचलून आत गेल्या. त्यानंतर ती तबकडी माझ्यासमोर कधी वाजली नाही. आणि न वाजण्याचे कारण मी तिच्या अल्प गुणवत्तेत शोधले.

गेल्या वर्षी अकोल्याचे घर पाडावयाचे ठरले. पुतण्या वहिनींसह नव्या जागेत गेला आणि पेटी अमरावतीस माझ्या बिऱ्हाडी आली. तिरप्या उन्हात एकेक तबकडी पुसू लागलो, तेव्हा ही फेरतपासणी झाली. ९२ गुणांची तबकडी काळी कुळकुळीत, जणू कालच विकत घेतली. केसरबाईंची तशीच. ज्यांची मी पाहुण्यांपुढे वाखाणणी करीत असे, त्या आम्ही सणावारीच लावीत होतो. 'शीळ' मात्र मधल्या भागापासून काठापर्यंत राखेसारखी करडी पडली होती. तिच्या रेषा इतक्या झिजल्या होत्या की बोटास जवळजवळ गुळगुळीत लागत.

एवढी ती वाजली कधी? दुपारी, मी शाळेत असताना, सासूबाईंचा डोळा लागल्यावर. पेटीस किल्ली असली तरी तिचा खिळा सैल होता, हे घरातील सर्वांस ठाऊक होते, मजखेरीज. आणि सुया? नव्या सुयांची डबी माझ्या कुलपात. तेव्हा मी वापरून टाकलेल्या बोथट सुया वेचून वहिनींनी आपले माहेर ऐकले असले पाहिजे. ती तबकडी जितकी झिजली, त्यातील अर्धी झीज माझ्या कुलपाने केली.

झिजली म्हणून ती श्रेष्ठ, असे मी म्हणत नाही. गायकी म्हणून खाँसाहेबांचा क्रमांक पहिलाच राहील. माझी चूक निराळी होती. व्याकरणाच्या प्रश्नपत्रिकेवर मी निबंधाच्या वहीस गुण दिले. ज्या जी. एन. जोशींच्या गळ्यास मी पस्तीसावर बसविले, त्यांनी पुढे अनेक वर्षे एच. एम. व्ही. कंपनीत ध्वनिमुद्रणाचे काम पाहिले, आणि मेंढपाळाची ती तबकडीही त्यांच्याच देखरेखीखाली निघाली. हे मला फार उशिरा कळले. व्हॉयेजरच्या एकाच तबकडीवर चक बेरी आणि केसरबाई दोघेही आहेत, आणि कोणाच्या नावापुढे गुण लिहिलेले नाहीत.

मी ती तबकडी पंचात गुंडाळून बडनेऱ्यास गाडी धरली. अकोल्यास पुतण्याने कोठून तरी ७८ फेऱ्यांचे यंत्र मिळविले होते, नवी सुईही घातली. खरखरीतून क्वचित एखादा शब्द वर येई आणि बुडे. जेथे तो बुडे तेथे वहिनी हलकेच गुणगुणत, आणि गाणे तुटत नसे. त्यांचे वय आता अठ्ठ्याहत्तर आहे.

तबकडी संपल्यावर त्यांनी पाकीट हाती घेऊन कोपऱ्यातील आकडा पाहिला.

"भाऊजी, पस्तीस म्हणजे पासच ना?"

मी खिशातून लेखणी काढली आणि तो आकडा खोडण्यास हात पुढे केला. त्यांनी पाकीट मागे घेतले.

"राहू द्या. तुमचे अक्षर चांगले आहे."