पाखरांचं गाडगं

रावेर, २७ एप्रिल २०२५, रविवार

भुसावळला गाडी बदलली. सावदा, निंभोरा मागे पडलं आणि खिडकीबाहेर केळीच केळी. इथूनच केळीच्या वॅगनी भरून दिल्लीकडं जायच्या, हे आजीनं मला किती वेळा सांगितलं असेल!

दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी कोपऱ्यावर वळले की ओट्यावरून हाक यायची, "आली का वं माय?" आज ओट्यावर तिची बाज भिंतीला उभी करून ठेवलेली. आई एवढंच म्हणाली, "हातपाय धुऊन घे."

२८ एप्रिल, सोमवार

बाबांनी कागदांची पिशवी काढली. मृत्यूच्या दाखल्यावर वय ८८. ते आधार कार्डावरून घेतलेलं आणि आधारवरची १ जानेवारी १९३७ ही तारीख नोंदणाऱ्या पोरानं टाकलेली. आजीचा स्वतःचा हिशेब वेगळा होता : फैजपूरच्या काँग्रेसच्या सालचा जन्म.

म्हणजे डिसेंबर १९३६. काँग्रेसचं खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. अध्यक्ष नेहरू आणि नंदलाल बोसांनी बांबूंनी सजवलेलं टिळकनगर. आजीचं माहेर तिथून जवळच. तिचे वडील गाडी जुंपून गेले. घरात बाळंतीण आणि चार दिवसांची पोर. आजी सांगायची, "बापानं नेहरू पाह्यले, मायनं मले पाह्यलं." सांगून स्वतःच हसायची.

२९ एप्रिल, मंगळवार

बाबांबरोबर बाजारात गेले. उद्या पितरांच्या नावानं भरायच्या घागरी, डांगर, आंबे. बाबा प्रत्येक घागर बोटाच्या पेरानं वाजवून बघत होते, अगदी आजीसारखं. पणजोबांची, पणजीची, आजोबांची आणि यंदा पहिल्यांदा तिची.

"आणि छोटं गाडगं?" मी विचारलं. आजी दरवर्षी कुंभाराकडून एक जास्तीचं गाडगं घ्यायची. आखाजीच्या दिवशी ते भरून परसातल्या निंबाखाली ठेवायची. विचारलं तर म्हणायची, पाखरांसाठी.

"ते तिचं तीच घ्यायची," बाबा म्हणाले. मी एक घेतलं.

रात्री अंगणात आत्याला ते दाखवलं. ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "कसची पाखरं वं! तिच्या मायचं व्हतं ते."

बाबा दहा दिवसांचे असताना आजीची आई गेल्याचा निरोप आला. माहेर दहा कोसही नव्हतं, पण ओल्या बाळंतिणीला कोण पाठवतो? पुढं तिकडची घागर भाऊ भरायचे. इथं भरायची ती सासरच्यांची. माहेरच्या माणसाला आमच्या देवघरापुढं जागा नव्हती. आजीनं वाद घातला नाही. निंबाखाली जागा शोधली.

३० एप्रिल, बुधवार. आखाजी

पहाटेच आईनं चुलीवर खापर ठेवलं. पहिल्या दोन पोळ्या फाटल्या. आजीची पोळी हातावर कोपरापर्यंत यायची, तरी पुरण बाहेर दिसायचं नाही. तिसरी साधली, तेव्हा आईनं डोळे पुसले. धुरामुळं, म्हणाली.

बाबांनी उंबरठा पुजला. एकेक नाव घ्यायचं आणि कुंकवाचं एकेक बोट उमटवायचं. आजीच्या नावाशी आले आणि बोट तसंच हवेत राहिलं. नाव घ्यायची सवयच नाही. जन्मभर 'माय' म्हटलेलं. शेवटी मीच ते उच्चारलं. मग विस्तवावर घास देऊन आगारी झाली, घागरींपुढं रस-पोळीची पानं मांडली, आणि त्यानंतर घरात यंदाचा पहिला आंबा कापला.

दुपारी गल्लीतल्या पोरी झोक्यावर. मी गाडगं भरून निंबाखाली नेलं. आजीच्या आईचंही नाव घ्यावंसं वाटलं, म्हणून आत्याला विचारलं. तिलाही ठाऊक नव्हतं. आजी कधी बोललीच तर 'माय' एवढंच.

मग तेच म्हटलं. एकदाच म्हटलं, दोघींनाही पुरलं असावं.

१ मे, गुरुवार

सकाळी निघायची आवराआवर. लेक परसातून धावत आली. "आई, ते छोटं मडकं कोणासाठी?"

"पाखरांसाठी," मी म्हटलं.

अगदीच खोटं नव्हतं. काठावर एक साळुंकी वाकून पाणी पीत होती.