घ कशाचा?

मुंबईकराला चार दिवसांची सुटी मिळाली, की त्याचे पाय आपोआप माथेरान-महाबळेश्वरकडे वळतात. ‘यंदा मी कोसबाडला जाऊन आले,’ असे शेजारच्या वहिनींना सांगितले, तेव्हा त्यांनी विचारले, ‘तिथे बघण्यासारखे काय आहे हो?’ मी म्हटले, ‘एक शाळा.’ वहिनी काही बोलल्या नाहीत. पण जन्मभर खडू झिजवून हिचे पोट भरले नाही वाटते, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेले होते!

खरे आहे ते. तीसएक वर्षे मी पहिलीच्या वर्गाला शिकवले. किती मुलांच्या हाताला धरून ‘ग म भ न’ गिरवून घेतले, त्याची मोजदाद नाही. तरी त्यांतल्या एका मुलाचा हिशेब माझ्याकडून चुकलेला आहे. कोसबाडला जाण्याचे मूळ कारण तोच. पण ते ओघाने येईलच.

जानेवारीचा पहिला आठवडा होता. विरारहून डहाणूची गाडी पकडली. वैतरणेची खाडी ओलांडली, की मुंबई मागे पडते. सफाळे, केळवे रोड, पालघर, बोईसर, वाणगाव अशी स्टेशने येत जातात; डब्यात माशांच्या टोपल्या, भाजीच्या पाट्या चढतात-उतरतात. भात कापून झालेले, खाचरे उघडी पडलेली आणि मधूनच पेंढ्याच्या उडव्या. डहाणूला उतरून रिक्षाने पुढे निघाले, तर दोन्ही अंगांना चिकूच्या बागा. घोलवडचे चिकू मुंबईच्या बाजारात आपण नेहमी घेतो. ते पिकतात ते या पट्ट्यात. बागा सरल्यावर रस्ता चढू लागतो, हवेत गारवा येतो आणि कोसबाडची टेकडी समोर येते.

या टेकडीचे नाव महाराष्ट्रभर झाले ते दोन बायकांमुळे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. ताराबाईंनी भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बरोबर बालशिक्षणाचे काम केले होते. माँटेसोरीबाईंची पद्धत आपल्या मुलांना मानवेल अशी करून घेण्याचा ध्यास या दोघांनी घेतला होता. पुढे शहरातल्या बालमंदिरांत हे नवे शिक्षण रुजले; पण खेड्यातल्या पोराचे काय, हा प्रश्न ताराबाईंना स्वस्थ बसू देईना. १९४५ साली त्यांनी समुद्रकाठच्या बोर्डीला काम सुरू केले. पुण्याची चांगली शिक्षिकेची नोकरी सोडून अनुताई त्यांना येऊन मिळाल्या. अनुताई बालविधवा. त्या काळी अशा बाईचे आयुष्य स्वयंपाकघरात संपायचे. या बाईने ते मुलांच्या अंगणात वाढवले. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर आले. ताराबाई १९७३ साली गेल्या, अनुताई १९९२ साली. अखेरपर्यंत त्या या कामाच्याच होऊन राहिल्या.

बोर्डीला त्यांना पहिला धडा मुलांनीच दिला. बालवाडी उघडली, पण गरीब वस्तीतली मुले तिकडे फिरकेनात. दुसऱ्या एखाद्याने ‘या लोकांना शिक्षणाची आवडच नाही’ असा शेरा मारून दप्तर मिटले असते. या दोघींनी बालवाडीच उचलली आणि मुलांच्या अंगणात नेऊन ठेवली. तीच अंगणवाडी. आज गावोगाव हा शब्द आपण वापरतो. १९७५ साली सरकारने बालविकास योजना काढली, तिची केंद्रे याच नावाने ओळखली जातात. तो शब्द या किनाऱ्यावर जन्माला आला, हे मात्र थोड्यांना ठाऊक असते. पुढे आदिवासी पाड्यांवरची मुले गुरांमागे रानात जातात असे दिसले, तेव्हा शिक्षकच कुरणात गेले. तिचे नाव कुरणशाळा. गुरे चरत आहेत, मुले झाडाखाली बसली आहेत आणि दगड, बिया, पाने, शिंपले हेच त्यांचे शिक्षणाचे साहित्य! माँटेसोरीबाईंची लाकडी साधने महाग. रानातल्या बियांना कोण पैसे मागणार?

अक्षर शिकवण्याची त्या पद्धतीतली गंमत आपल्या वाचकांनाही सांगण्यासारखी आहे. तिथे अक्षर आधी डोळ्यांनी ओळखायचे नसते. खरखरीत कागदाच्या अक्षरावरून मूल बोट फिरवते आणि तोंडाने त्याचा उच्चार करते. हात, कान आणि डोळा तिघे मिळून अक्षर शिकतात. म्हणून मूल कित्येकदा वाचण्याआधी लिहू लागते. आपल्या पणजोबांनी धूळपाटीवर बोटाने अक्षरे गिरवली, त्यात हीच खुबी होती. मध्यंतरी आपण ती विसरलो आणि फळ्यावरची अक्षरे मुलांकडून नुसती घोकून घेऊ लागलो.

टेकडीच्या पायथ्याजवळच्या एका पाड्यावर मी गेले. घरांचे कूड कारवीचे, शेणामातीने लिंपलेले. एका घरात लग्न होऊन गेले होते. गेरूच्या रंगावर तांदळाच्या पिठाने रेखलेला चौक भिंतीवर तसाच होता. चौकटीत देवी, भोवती माणसे, झाडे, फेर धरून नाचणारे लोक; सगळे त्रिकोणातून आणि वर्तुळातून उभे राहिलेले. मी म्हटले, ‘कोणी काढला हा?’ घरातली म्हातारी हसून म्हणाली, ‘आम्ही लिहिला.’ वारली बायका चौक काढत नाहीत, लिहितात! मी चपापले. ज्यांना आपण निरक्षर म्हणतो, त्यांच्या घरात लिहिणे हा शब्द पाटीच्या आधी भिंतीवर येऊन बसला होता.

आता त्या मुलाविषयी. माझ्या शाळेजवळ एक इमारत उठत होती. तिथल्या मजुरांचा एक मुलगा वर्गात आला. काळासावळा, गप्प, पण डोळे फार बोलके. भिंतीवर तक्ता होता. मी पट्टीने एकेक अक्षर दाखवायचे आणि वर्गाने एका सुरात म्हणायचे. त्या दिवशी मी ‘घ’वर पट्टी ठेवली. वर्ग ओरडला, ‘घ घड्याळाचा!’ तो मुलगा उभा राहून म्हणाला, ‘बाई, घ घमेल्याचा.’ सगळा वर्ग खो खो हसला. मीही हसले. हसले एवढेच नव्हे, ‘तक्त्यात काय आहे ते म्हण,’ असे म्हणून त्याच्याकडून दहा वेळा घड्याळ वदवून घेतले. तो म्हणाला, पण खाली बघून. घड्याळ त्याच्या झोपडीत नव्हते. घमेले मात्र रोज आईच्या डोक्यावर होते. ‘घ’ त्याला पुरता कळला होता. वर्गात कोणापेक्षाही अधिक. कळले नव्हते ते मला. आठवड्याभरात तो यायचा थांबला. इमारतीचे काम संपले असेल, मजूर दुसरीकडे गेले असतील, अशी मी मनाची समजूत घातली. इमारत तेव्हा दुसऱ्या मजल्यापर्यंतच आली होती. रोज शाळेत जाता-येता मला ती दिसत होती.

पाड्यावरच्या शाळेत तरुण गुरुजी होते. त्यांनी तक्ता लावला होता, पण त्यावर चित्रे मुलांच्या हातची. मुलांची घरची बोली वारली आणि पुस्तकाची मराठी यांत बरेच अंतर आहे. गुरुजी आधी मुलांचा शब्द घेतात आणि मग पुस्तकाचा शब्द त्याच्या शेजारी आणून बसवतात. दोन शब्दांची ओळख करून द्यायची, भांडण लावायचे नाही, असे ते म्हणाले. मी जन्मभर भांडणच लावत आले होते.

‘बाई, आज एक अक्षर तुम्ही घ्या,’ गुरुजींनी खडू पुढे केला. माझा हात जरा कापला. मी फळ्यावर मोठा ‘घ’ काढला आणि विचारले, ‘सांगा, घ कशाचा?’ क्षणभर सारे गप्प. मग एक मुलगी म्हणाली, ‘घराचा.’ दुसरा म्हणाला, ‘घोंगडीचा.’ मागून एकजण ओरडला, ‘घोलवडचा! आम्ही तिथून गाडीत बसलो होतो.’ मी सगळे शब्द एकाखाली एक लिहिले. कोणी हसले नाही. मग पुढच्या बाकावरच्या एका चिमुरडीने मान वर करून मला विचारले, ‘बाई, तुमचा घ कशाचा?’

माझ्या मनगटावर घड्याळ होते. मुलीची नजरही त्याच्यावरच होती. मी वळले आणि त्या यादीच्या शेवटी लिहिले, ‘घमेले’. मुलांनी एका सुरात वाचले. गुरुजींना त्यात विशेष काही वाटले नाही. वाटावे तरी का?

परतीच्या गाडीला गर्दी होती. वसई-विरारच्या बाजूला दिवे लागले, नव्या इमारतींचे सांगाडे दिसू लागले. त्यांतल्या कुठल्याशा सांगाड्यावर तो आता चांगला बाप्या होऊन उभा असेल, नसेलही. वाचता येत असेल का त्याला? त्याची मुले शाळेत जात असतील, तर त्यांच्या बाई त्यांना काय विचारत असतील? त्यांनी एवढे एकच विचारावे, की बाळ, तुझा घ कशाचा? आणि उत्तर ऐकून घ्यावे.